बायपासवर बंद पडलेला ट्रक हलवायचा कुणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी पुण्याच्या नऱ्ह्यात ट्रकची दुरुस्ती करतो. बावीस वर्षे झाली. गॅरेज लहान आहे, पण निम्मे काम गॅरेजमध्ये होतच नाही. ते होते कात्रज-देहूरोड बायपासवर, बंद पडलेल्या गाडीखाली. ‘ट्रक बंद पडल्याने बायपासवर कोंडी’ ही बातमी आपल्या दैनिकात वरचेवर येते. रांग कुठपर्यंत गेली, लोक किती वेळ अडकले, हे तिच्यात असते. ट्रक कशाने बंद पडला, तो हलवायला पाच-पाच तास का लागले आणि त्या वेळात त्याच्याजवळ कोण उभे होते, हे मात्र कधी वाचायला मिळत नाही. त्या पाच तासांबद्दल हे पत्र.

हा रस्ता शहराबाहेरून जड वाहने जावीत म्हणून झाला. आता शहरच त्याच्या दोन्ही अंगांना आले आहे. दिल्लीहून जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, बेंगळुरू करत चेन्नईपर्यंत जाणारा ४८ क्रमांकाचा महामार्ग आणि आंबेगावातून हिंजवडीला कामावर जाणाऱ्या मुलीची ॲक्टिव्हा, दोघांनाही हाच डांबराचा पट्टा. एक लेन अडली की वारजे, चांदणी चौक, बाणेर, वाकड सगळीकडे त्याचा ताण येतो. मग लोक ट्रकवाल्याला शिव्या देतात. गाडी भर रस्त्यात बंद पाडायची हौस कुठल्याही ड्रायव्हरला नसते.

जड गाडी मोटारीसारखी ढकलून बाजूला घेता येत नाही, हे आधी समजून घ्यायला हवे. तिचे ब्रेक हवेवर चालतात. हवा गेली की चाके मोकळी होतात, असा लोकांचा समज असतो. मागच्या चाकांच्या पार्किंग ब्रेकचे नेमके उलटे आहे. आत जबर स्प्रिंग असते आणि हवेचा दाब तिला मागे रेटून धरतो. हवेचा पाइप फुटला, दाब उतरला, की स्प्रिंग सुटते आणि चाके जाम होतात. अशा गाडीला टोचन लावून ओढले तर टायर फरफटतात, गाडी हलत नाही. आधी दुसऱ्या गाडीतून हवा द्यावी लागते, नाहीतर खाली शिरून ब्रेक चेंबरचा बोल्ट फिरवून स्प्रिंग आवळावी लागते. उतारावर हे करताना चाकांना भक्कम अडथळा लावलेला नसेल, तर ब्रेक सुटताच गाडी माणसासकट निघते.

त्यात वजन. केंद्र सरकारने २०१८ मध्ये गाडीसकट मालाची भारमर्यादा वाढवली. दहाचाकी ट्रकची २५ टनांवरून २८.५ टन झाली, सहा एक्सलच्या ट्रेलरची ४९ वरून ५५ टन. आपल्याकडे क्रेन म्हणून धावून येते ती हायड्रा. ती बारा-चौदा टन उचलते, तेही बूम, म्हणजे उचलणारा दांडा, आखडलेला असताना. भरलेला ट्रेलर चढावर ओढणे तिच्या आवाक्यातले काम नाही. आणि एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) तर धूर शुद्ध करायला लागणाऱ्या युरियाच्या टाकीचा साधा सेन्सर गेला तरी इंजिनाची ताकद कमी होते. तिथे पान्याचे काही चालत नाही, कंपनीचा माणूस स्कॅनर घेऊन यावा लागतो. तो येईपर्यंत गाडी आहे तिथेच.

गेल्या पावसाळ्यातली एक रात्र सांगतो. वारज्याजवळच्या मुठेच्या पुलावर तमिळनाडूची बाराचाकी उभी राहिली, मागच्या एक्सलचा पाटा, म्हणजे स्प्रिंगची पट्टी, तुटला होता. पुलावर बाजूला घ्यायला वीतभर जागा नाही. ड्रायव्हर एकटाच, क्लीनर नव्हता. हल्ली भाड्यात परवडत नाही म्हणून मालक क्लीनर देत नाहीत. त्याला मराठी येत नव्हते, हिंदी जेमतेम. मदतीच्या क्रमांकावर फोन केला तेव्हा पलीकडून ‘नेमके कुठे आहात’ विचारले, त्याला फक्त ‘पुणे, ब्रिज’ एवढेच सांगता आले. या बायपासवर पूल किती आहेत, हे मी आपल्याला सांगायला नको. दोन तासांनी एक खासगी क्रेनवाला स्वतःहून आला आणि तीस हजार रुपये मागितले. मालकाने फोनवर नकार दिला. मग रस्त्यावरच्या कुणीतरी माझा नंबर दिला.

मी पोहोचलो तेव्हा तो ड्रायव्हर गाडीच्या मागे पन्नास पावलांवर, पावसात, मोबाइलचा टॉर्च हलवत उभा होता. त्या दोन तासांत तो जागचा हलला नव्हता. अंगावर चमकणारे जॅकेट नाही, मागे बत्ती नाही, झाडाची एक फांदी आणि तीन दगड एवढाच बंदोबस्त. मी खाली शिरलो. बाजूने बस गेली की जॅकवरची गाडी डोलत होती. माझा पुतण्या हाताखाली असतो. त्या रात्रीपासून त्याची आई त्याला रात्रीच्या कामाला पाठवत नाही आणि मला ते चूक वाटत नाही. पाटा बदलून गाडी निघाली तेव्हा उजाडायला आले होते.

राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे, चोवीस तास चालतो. टोलच्या कंत्राटांत रुग्णवाहिका, गस्तीची गाडी आणि क्रेन ठेवणे धरलेले असते. म्हणजे प्रत्येक ट्रकवाला फास्टॅगमधून या मदतीचे पैसे आधीच भरतो. पण क्रेन जर नाक्यापाशी उभी आणि गाडी बंद पडली शहरातल्या कोंडीत, तर क्रेनही त्याच रांगेत अडकते. शहराच्या पोटातून जाणाऱ्या रस्त्याला मोकळ्या माळावरचा हिशेब लावून चालणार नाही.

आता नवले पुलाचे. नवीन कात्रज बोगद्यातून मुंबईकडे निघाले की नवले पुलापर्यंत उतार लागतो. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे उतरणाऱ्या एका ट्रकने ओळीने किती गाड्या चिरडल्या, ते सगळ्यांनी पाहिले. १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच उतारावर कंटेनरने गाड्यांना धडक दिली, आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. पहिल्या अपघातानंतर रंबलर झाले, पाट्या लागल्या, स्पीडगन आल्या. हे सगळे हवेच. पण मिस्त्री म्हणून मला जे दिसते ते वेगळे आहे. साताऱ्याकडून येणारी भरलेली गाडी खंबाटकी घाट उतरून, पुढचे चढउतार करत बोगद्यापाशी येते तेव्हा तिचे ब्रेक ड्रम काय अवस्थेत आहेत, हे कुणी पाहिलेले नसते. डिझेल वाचवायला कुणी न्यूट्रल टाकले, तर इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापले की लायनर पकडत नाही. ड्रायव्हरला पायाखाली ते कळते. पेडल खाली जाते, जळका वास येतो. त्या क्षणी त्याने थांबायचे ठरवले तर थांबायला जागा कुठे आहे? बोगद्याअलीकडे शिंदेवाडीला ढाब्याच्या कडेला उभा राहिला तर दंडाची भीती, म्हणून तो ‘आता पुणे आलेच’ म्हणत बोगद्यात शिरतो. अशा ड्रायव्हरांनी हे मला खाली उतरल्यावर सांगितले आहे, हात थरथरत असताना.

म्हणून माझी पहिली मागणी बोगद्याच्या अलीकडची आहे. शिंदेवाडीच्या बाजूला जड गाड्यांसाठी मोठा थांबा करा. पाणी, शौचालय, दिवे आणि दिवसरात्र एक ब्रेक तपासणारा मिस्त्री. तिथे थांबणाऱ्याला दंड नको, सक्तीही नको. गाडी गार करून पुढे जायची सोय तेवढी हवी.

दुसरे, खऱ्या अर्थाने जड गाडी ओढणारे वाहन, ज्याच्यावर हवा द्यायची लाइन आहे, चाकांचे अडथळे आहेत, तेल सांडले तर टाकायला वाळू आहे. असे एक वाहन नवले पुलापाशी आणि एक वाकड-रावेतच्या बाजूला, गर्दीच्या वेळी कायम तयार. त्याचे दर पाटीवर लिहा, म्हणजे रात्री दोन वाजता परक्या माणसाला कुणी नाडणार नाही. सेवा फुकटच हवी, असे मी म्हणत नाही. दर माहीत असला तर मालक फोनवर दोन मिनिटांत हो म्हणतो. घासाघिशीत गेलेला एकेक तास मागच्या हजारो लोकांचा असतो.

तिसरी गोष्ट अगदी स्वस्त आहे. दर दोनशे मीटरवर खांबाला मोठा क्रमांक रंगवा. ड्रायव्हर कन्नड असो, तमिळ असो की राजस्थानी, आकडा त्याला वाचता येतो. १०३३ वर तो आकडा सांगितला की जागा कळली.

आमच्या धंद्याचाही दोष सांगायलाच हवा. दुरुस्ती झाली की गाडी निघून जाते आणि चाकामागचे दगड रस्त्यातच राहतात. अंधारात त्यावर दुचाकी आदळते. मीही सुरुवातीला उचलत नव्हतो. एकदा असाच एक दुचाकीवाला माझ्या डोळ्यांदेखत पडला, खांदा मोडला त्याचा. तेव्हापासून मी लाकडी ठोकळे नेतो आणि दगड दिसले तर कठड्याबाहेर टाकून येतो. महामार्गावर काम करणाऱ्या आम्हा फिटर, पंक्चरवाल्यांची नोंद ठेवली, जॅकेट, शंकू आणि बत्ती दिली, दोन दिवसांचे शिक्षण दिले, तर आम्ही आनंदाने नियम पाळू. आम्ही सगळ्यांत आधी तिथे पोहोचतो, पण आज आमची गणना कुठेच नाही.

आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशी कोंडी झाली, तर आपला बातमीदार रांगेच्या शेवटी न पाठवता रांगेच्या तोंडाशी पाठवा. मुठेचा पूल, नवले पुलाचा उतार आणि शिंदेवाडीची कड या तिन्ही जागा मी स्वतः बरोबर येऊन दाखवीन. महामार्गाचे अधिकारी येणार असतील तर त्यांनाही. रात्री बोलावले तरी चालेल, रात्रीच जास्त नीट दिसते.

आपला,
एक ट्रक मिस्त्री
नऱ्हे, पुणे