‘सहकार्य केले’ म्हणे!

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या महिला बॅरिस्टर मिठन लाम यांच्यावर अर्धे पान दिलेत, त्याबद्दल आधी आभार. उरलेल्या अर्ध्या पानावर भोपळ्याच्या घारग्यांची कृती होती. तीत चूक नव्हती.

लेखात मात्र आहेत. शीर्षकच ‘पतीच्या खंबीर साथीने घडलेली बॅरिस्टर’. मिठनबाई लंडनच्या लिंकन्स इन या बॅरिस्टरांच्या संस्थेतून बॅरिस्टर झाल्या १९२३ साली, मुंबई हायकोर्टात पाय ठेवला तो त्यानंतर लगेच. लग्न झाले १९३३ साली. मग आधीची दहा वर्षे हे खंबीर पती कुठे उभे राहून साथ देत होते? दोन्ही साले आपल्याच लेखात छापलेली आहेत, वजाबाकी तेवढी राहून गेली. जमशेद लाम यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, ते स्वतः वकील होते, भला माणूस असणार. पण श्रेय वाटायला बसलातच तर आईला द्या ना! हिराबाई टाटा. १९१९ साली या मायलेकी थेट लंडनला जाऊन धडकल्या, हिंदुस्थानातल्या बायकांना मताचा हक्क द्या म्हणून तिथल्या समितीपुढे साक्ष द्यायला. मुलगी तिथेच राहून शिकली आणि बॅरिस्टर होऊन परतली. आपल्या लेखात हिराबाई म्हणजे ‘सुसंस्कृत माता’. बस्स, दोन शब्द.

आणि तो फोटो! तो मिठनबाईंचा नाही, कॉर्नेलिया सोराबजींचा आहे. मी नाशिकची, आणि कॉर्नेलियाबाईंचा जन्म नाशिकचाच, १८६६चा, त्यामुळे तो चेहरा मला पाठ आहे. त्यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ साली दिली आणि पदवी हातात पडली १९२२ साली, तीस वर्षांनी, कारण १९२० पर्यंत बायकांना तिथे पदवीच देत नव्हते. एवढे थांबलेल्या बाईला निदान स्वतःच्या नावाखाली तरी छापा. की काठाची साडी दिसली, पारशी वळणाचे नाव दिसले, म्हणजे कोणतीही चालते?

हे सगळे मी एक वेळ सोडून दिले असते. छापायच्या घाईत होते, मान्य. पण मिठनबाईंच्या पहिल्या ब्रीफचा, म्हणजे कोर्टात मिळालेल्या पहिल्या कामाचा, किस्सा आपण ‘गमतीदार आठवण’ म्हणून चौकटीत टाकलात, तिथे माझा चहा गार झाला. पक्षकाराची बाजू इतकी भक्कम होती की कोणीही वकील दिला असता तरी तो जिंकलाच असता. त्याने मुद्दाम बाई दिली, का, तर समोरच्याला बाईकडून हरल्याची नामुष्की सोसावी लागावी म्हणून. यात गंमत कुठली, ते लेखकमहाशयांनी कळवावे. म्हणजे केस जिंकली तरी ती तिची नाही, आणि अपमान दोघांचा.

मी ३४ वर्षे जिल्हा न्यायालयात फौजदारी कामे चालवली. पहिली सात-आठ वर्षे माझ्याकडे पक्षकार यायचे ते ‘मॅडम, फी कमी घ्याल ना?’ असे विचारत. दारातून डोकावून ‘वकीलसाहेब नाहीत का?’ विचारणारे वेगळेच. त्याचेही काही नाही.

१९९१ साली एक ३०२ चे, म्हणजे खुनाचे, काम होते. आरोपी बाई, घरची मोलमजुरी करणारी. वकीलपत्र आमच्या सिनियरांच्या नावावर, पण ते त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात अडकलेले, म्हणून पंचाचा, म्हणजे पोलिसांनी जप्तीच्या वेळी साक्षीला घेतलेल्या माणसाचा, उलटतपास माझ्याकडे आला. पंच गडी बोलका. सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तर देताना, त्याने घडाघडा सांगितले की आरोपीने आमच्यासमक्ष माळ्यावरून कोयता काढून दिला. मी आदल्या रविवारी एसटीने त्या गावाला जाऊन घर बघून आले होते. एकच खोली, वर पत्रे, हात वर केला की पत्र्याला लागतो. उठले आणि विचारले, माळ्यावर चढायला काय घेतले? म्हणाला, शिडी. शिडी कुणाची? शेजाऱ्याची. माळा लाकडी का? होय, लाकडी. मग पोलिसांनीच केलेला घटनास्थळाचा पंचनामा त्याच्यापुढे धरला. त्यात लिहिलेले, पत्र्याची एक खोली, माळा नाही. पंचाने आधी सरकारी वकिलांकडे पाहिले, मग छताकडे. कोर्टाच्या छताकडे! शेवटी म्हणाला, ‘सह्या चौकीत घेतल्या.’ टंकलेखकाचा खडखडाट थांबला. न्यायाधीशसाहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, ‘आणखी काही?’ मी म्हटले, नाही. उलटतपासात पुढचा प्रश्न गिळता आला पाहिजे, हे आमच्या सिनियरांनीच शिकवलेले.

बाई सुटली. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली (कोणत्या, ते सांगत नाही, जुन्या फायली आपल्या कचेरीतच आहेत): ‘आरोपीतर्फे अ‍ॅड. अमुकअमुक यांनी काम पाहिले. त्यांना अ‍ॅड. सौ. तमुक यांनी सहकार्य केले.’

सासूबाईंनी चहाच्या वेळी ती बातमी मोठ्याने वाचली आणि विचारले, ‘सहकार्य म्हणजे काय गं? फायली धरल्यास का?’ त्यांना दुखवायचे नव्हते, खरोखरच कळून घ्यायचे होते. मी ‘हो’ म्हटले.

सिनियरांनी स्वतः संपादकांना फोन करून दुरुस्ती छापायला सांगितली होती. छापली नाही. सौ. मात्र बरोबर होते.

म्हणून आता मिठनबाईंचे उरलेले काम ‘फावल्या वेळात समाजकार्य’ या मथळ्याखाली पाहिले तेव्हा राहवेना. १८६५ च्या पारशी विवाह कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की काडीमोड मिळायचा. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबाबत जास्तीच्या अटी पार कराव्या लागत, तेव्हा कुठे कोर्ट ऐकणार. १९३६ च्या कायद्याने ही तफावत काढली, आणि त्या दुरुस्तीच्या समितीत मिठनबाई होत्या. आपल्या समाजातल्या जाणत्या पुरुषांसमोर बसून नवरा-बायकोला एकच माप लावा म्हणणे, हे फावल्या वेळातले काम? जाता जाता सांगते, जूरी, म्हणजे निकाल द्यायला बसवलेले सामान्य नागरिक, या देशातून कधीच गेली असे कॉलेजात शिकवतात, पण पारशी घटस्फोटाच्या दाव्यात मुंबई हायकोर्टात समाजातले प्रतिनिधी अजूनही न्यायाधीशांबरोबर बसतात. हे पुरवणीत दिले असते तर चार लोकांनी आवडीने वाचले असते. आपण दिले काय, तर त्यांना ‘साध्या राहणीची आवड’ होती.

१९४७ साली त्या मुंबईच्या शेरीफ झाल्या (हे शहराचे मानाचे पद), बाईमाणसांत पहिल्या. फाळणीनंतर आलेल्या निर्वासित बायकांच्या पुनर्वसनाचे काम त्यांनी अंगावर घेतले. अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष होत्या. १९६२ चे पद्मभूषण आपण दिलेत, ते बरोबर आहे. पुरस्कार कुणी चुकवत नाही.

पत्र लिहितेच आहे तर आणखी एक. पान सातवरच्या जाहीर नोटिसा आपण मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापता. एखाद्याच्या जमिनीवर हरकत घ्यायची १४ दिवसांची मुदत त्या मजकुरात सरून जाते आणि बिचाऱ्याला पत्ता नसतो. परवा माझ्याकडे एक आजोबा भिंग घेऊन आले होते, तरी गट नंबर लागला नाही. शेजारीच टूथपेस्टची जाहिरात पाव पान. ती भिंगाशिवाय दिसते.

पुढच्या रविवारी मिठनबाईंचा खरा फोटो छापावा आणि शीर्षकाची दुरुस्ती द्यावी, घारग्यांच्या बाजूला दिलीत तरी चालेल. हे पत्र छापताना माझे नाव नको. अगदीच हवे असेल तर विचारा, सांगेन, पण त्याआधी ‘सौ.’ लावू नये.

आपली,
एक वकील वाचक,
नाशिक