माईचा डबा

डिचोली,
रविवार, रात्र

दोस्ता,

आठ महिने तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, माफ कर. तब्येत बरी आहे, गुडघा तेवढा दुखतो.

आज उघडीप मिळाली म्हणून माळ्यावरची ट्रंक खाली काढली. झाकण उघडताच आंबट भपकारा आला. वाटलं, माडाच्या व्हिनेगरची बाटली फुटली. पण वास आपल्या १६ एमएमच्या डब्यांतून येत होता. तिसऱ्या डब्यातली फिल्म पन्हळीसारखी वळली आहे, बोटाला ताठ लागते. ॲसिटेटची फिल्म उष्ण, दमट हवेत अशीच सडते. सुटलेलं आम्ल तिलाच आणखी खातं आणि शेजारच्या रिळांनाही लागण करतं. आणि तिसऱ्या डब्यात चोडणच्या धक्क्यावरची माई आहे रे!

१०० फूट, पावणेतीन मिनिटं. हातात पिशवी, नजर फेरीबोटीकडे. किती भांडलास तू त्या शॉटवरून! 'काहीच घडत नाही, काप.' मी दिग्दर्शक मणी कौलला पुढे करायचो. 'उसकी रोटी'तली बालोसुद्धा रोट्या घेऊन बसवाल्या नवऱ्याची वाट बघतेच ना? कॅमेरामन के. के. महाजनांनी ते सगळं २८ आणि १३५ एमएम या दोनच लेन्सवर टिपलं, तेही कौल पंचविशीत असताना. फिल्म सोसायटीत तू बालो उभी असतानाच घोरायला लागलास, हे माईला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही! 'ध्रुपद' बघताना मात्र तुझी पापणी लवली नाही. ऋत्विक घटकांचा हा विद्यार्थी, कौल, झिया मोहिउद्दीन डागरांकडे ध्रुपद शिकला आणि १९८२ साली तो चित्रपट केला. बाहेर येऊन तू म्हणालास, 'आलापाला कुणी काप म्हणत नाही.' त्या रात्री माईचा शॉट अख्खा राहिला. २०११च्या जुलैत कौल गेले तेव्हा तू फोन केलास, पण बोललो आपण माईबद्दलच.

स्कॅनिंगला पाठवावी, तर आक्रसलेली फिल्म मशीनच्या दात्यांत फाटेल ही भीती. ठेवावी, तर अख्खा पावसाळा पुढे आहे. पुण्याच्या फिल्म संग्रहालयात उद्या विचारतो. पण तुला विचारल्याशिवाय तिला घराबाहेर काढणार नाही, आई तुझी आहे.

मुलीचं लग्न ठरलं, फार आनंद झाला. नव्या घराचं काम संपलं का?

तो डबा बाकीच्यांपासून वेगळा काढून दिवाणखान्यात ठेवलाय, वारा लागावा म्हणून झाकण किलकिलं. अख्ख्या घराला वास येतोय. पत्र मिळताच फोन कर.

तुझाच,
भाई