पीएमईजीपी अर्जाबाबत सूचना

सर्व सभासद भगिनींनो,

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून (पीएमईजीपी) नवा उद्योग काढायचा असेल, तर येत्या रविवारी सकाळी १० वाजता सभागृहात या. आधार, पॅन, शाळेचा दाखला आणि गावात राहणाऱ्यांनी ग्रामीण भागाचा दाखला आणावा. अर्ज सगळ्या मिळून भरू.

ग्रामीण भागात महिलांना प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, शहरात २५ टक्के अनुदान मिळते. स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात, बाकीचे बँकेचे कर्ज.

एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथेच अनेकींचा हिशेब चुकतो. अनुदान हातात येत नाही. ते तुमच्या नावाने बँकेत ३ वर्षे ठेवीत राहते. त्यावर व्याज मिळत नाही, पण तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. युनिट चालू असल्याची पाहणी झाली की ते कर्जात वळते होते. म्हणून हप्ता झेपेल एवढाच प्रकल्प मांडा.

आधीपासून चालू असलेल्या धंद्याला नव्या उद्योगासाठीचे हे अनुदान मिळत नाही. नवरा-बायकोपैकी एकालाच लाभ मिळतो.

अर्ज ऑनलाइन आणि मोफत आहे. ‘मंजूर करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. मागच्या वर्षी आपल्यातल्या एकीचे पैसे असेच गेले, फार वाईट वाटले. अडले तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊ, मी सोबत येईन.

– सचिव