भुंगेरे मोजताना जातीही मोजा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मातीच्या आरोग्यावरचा आपल्या अंकातला लेख वाचला. नत्र, स्फुरद, पालाश सगळे आले, गांडुळेही आली. जमिनीवर पळणाऱ्या भुंगेऱ्यांबद्दल मात्र अवाक्षर नाही. याचे मनापासून वाईट वाटले, म्हणून हे पत्र.

मी जीवशास्त्र शिकवते. बंद पडलेल्या एका धातूच्या भट्टीमागे पडीक जमीन आहे. तिथे मी मुलांसह प्लास्टिकचे पेले काठापर्यंत मातीत पुरते आणि सकाळी आत पडलेले किडे मोजून सोडून देते. पहिल्या वर्षी पेले चांगले भरले. ‘जमीन सावरली’, असे मी मुलांना सांगूनही टाकले. माझे चुकले. भिंगाखाली धरल्यावर कळले, की जवळजवळ सगळे एकाच बारक्या, पंखवाल्या जातीचे. लांबच्या झाडीतल्या पेल्यांत कितीतरी प्रकार होते. त्यातला नखाएवढा काळा कुळकुळीत भुंगेरा, बोटात धरला की उग्र वास सोडणारा, भट्टीमागे आजवर एकदाही मिळालेला नाही.

हे भुंगेरे रात्री अळ्या, गोगलगाई फस्त करतात आणि त्या भक्ष्याबरोबर शिसे, कॅडमियम, जस्तही त्यांच्या पोटात जाते. त्यांचे आतडे यातला बराच धातू पेशींत अडकवते. त्या पेशी झडतात आणि विष्ठेवाटे निघून जातात. त्यामुळे गांडुळांच्या तुलनेत त्यांच्या अंगात धातू सहसा कमी सापडतो आणि आपण निर्धास्त होतो. पण या सफाईत किड्याची ताकद खर्ची पडते. पोलंडमध्ये ओल्कुशजवळच्या जस्त-शिशाच्या कारखान्याच्या परिसरातला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. उपाशी ठेवल्यावर किंवा कीटकनाशक दिल्यावर जास्त दूषित जागेतले भुंगेरे स्वच्छ जागेतल्यांपेक्षा लवकर मेले. म्हणजे एरवी धडधाकट दिसणारा किडा एका फवारणीत जातो. शिवाय त्यांच्या अळ्या मातीतच वाढतात, त्यांची कातडी मऊ. त्यांचे काय होत असेल, या विचाराने मला चैन पडत नाही.

शिसे, कॅडमियम कुजत नाहीत, विरत नाहीत. म्हणून विनंती, की माती परीक्षणात या धातूंची तपासणी व्हावी यासाठी आपण लिहावे, आणि भुंगेऱ्यांची नोंद नुसत्या आकड्यात न होता जातवार व्हावी, हेही त्यात यावे. आमच्या वहीत आता प्रत्येक जातीला वेगळा रकाना आहे. काळ्या भुंगेऱ्याचाही आहे, अजून कोरा.

आपली,
एक जीवशास्त्र शिक्षिका