बाळंतपणाच्या यादीत कार सीट का नाही?

महोदय,

प्रसूतीची तारीख जवळ आली की रुग्णालयात बॅगेत काय भरून आणायचे त्याची यादी हातात पडते. झबली, लंगोट, दुपटी, टोपडी, कधी गरम पाण्याचा थर्मासही. बाळ ज्या गाडीतून घरी येणार तिच्यात ते बसणार कशात, याबद्दल मात्र बहुधा अवाक्षर नसते. ते आजीच्या मांडीवर येणार हे सर्वांनी गृहीतच धरलेले असते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९४ ब हे कलम आले. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा मुलांसाठीच्या वेगळ्या आसनाने (म्हणजे कार सीटने) बांधलेले नसेल तर त्यानुसार एक हजार रुपये दंड आहे. पण कार सीट घेण्याच्या कारणांत दंड हे सगळ्यांत किरकोळ कारण.

खरे कारण शाळेतल्या गणिताचे आहे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. या वेगातली गाडी धडकून पुढचा भाग अर्धा मीटर चेपत थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूला गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट झटका बसतो. साडेतीन किलोचे बाळ त्या क्षणी सत्तर किलोच्या ओढीने हातातून सुटते. आईने स्वतःचा पट्टा बाळावरून घेतला तर आणखी वाईट, कारण मग तिचे सगळे वजन बाळाला पट्ट्यावर दाबते.

नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे पाव भाग असते आणि मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. म्हणून सीट पाठमोरीच हवी, म्हणजे बाळाचे तोंड मागच्या काचेकडे. धडकेत मग डोके, मान आणि पाठ एकत्रच सीटच्या कवचात दाबली जातात, डोके एकटे पुढे फेकले जात नाही. 'आर १२९' या नव्या आंतरराष्ट्रीय मानकात पंधरा महिने पूर्ण होईपर्यंत मूल पाठमोरेच बसवायचे असते. 'आर ४४' या जुन्या मानकातल्या नवजातांच्या सीट १३ किलोपर्यंत चालतात. पाय दुमडले म्हणून सीट लहान झाली असे घरची मोठी माणसे म्हणतील. पायांचे काही बिघडत नाही. डोक्याचा माथा कवचाच्या वरच्या कडेपासून अडीच सेंटिमीटरच्या आत आला की मात्र ती सीट संपली.

दुकानात सगळ्यांत मोठा घोळ होतो तो 'कॅरीकॉट'चा. हँडल लावलेली, मच्छरदाणीवाली, झुलणारी टोपली 'कॅरीकॉट कम कार सीट' म्हणून विकली जाते. त्यातल्या काही खरोखर चाचणी झालेल्या असतात, बऱ्याच नसतात, आणि खोक्यावरच्या चित्रावरून ते कळत नाही. टोपली उलटी करून पाहा. आर ४४ किंवा आर १२९ ची मंजुरी असेल तर कवचावर नारिंगी लेबल असते, त्यावर वर्तुळात रोमन 'ई' आणि शेजारी देशाचा आकडा, खाली मंजुरी क्रमांक. आर ४४ मध्ये हा क्रमांक ०४ ने सुरू होणारा हवा. भारतीय मानक एआयएस-०७२ आहे. यांपैकी काहीच नसेल तर ती वस्तू बाळाला घरात या खोलीतून त्या खोलीत न्यायला ठीक आहे. कवच नसलेल्या, नुसत्या कापडी पट्ट्यांच्या 'पोर्टेबल कार सीट' ऑनलाइन मिळतात. त्या नवजात बाळासाठी कशालाच उपयोगी नाहीत.

वजनाची खालची मर्यादाही वाचा. आपल्याकडे अडीच किलोहून कमी वजनाची बाळे पुष्कळ जन्मतात. आर १२९ च्या काही सीट ४० सेंटिमीटर लांबीपासून चालतात, काही ४५ पासून. पाठमोऱ्या सीटमध्ये खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीतून किंवा किंचित खालून यायला हवेत. सर्वांत खालची खाच बाळाच्या कानापाशी येत असेल तर महागातली महाग सीटही त्या बाळाची नव्हे. बाळ सदतीस आठवड्यांच्या आधी जन्मलेले असेल तर त्याला असे कलते बसवून श्वास नीट राहतो का, हे घरी सोडण्यापूर्वी डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.

मग गाडी. 'पाच तारे आहेत ना' एवढे पुरत नाही. गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या भारत एनकॅपच्या धडक-चाचणीत मुलांच्या म्हणून दोन बाहुल्या असतात, एक दीड वर्षाच्या मुलाएवढी, दुसरी तीन वर्षांच्या. नवजाताएवढी नसते. तेव्हा सीट तुमच्या गाडीत नीट बसते का, हे तुम्हालाच पाहावे लागते, आणि तेही पैसे देण्यापूर्वी, दुकानासमोर गाडी उभी करून. मागच्या आसनाच्या पाठ आणि बैठकीच्या फटीत बोटे घाला. एकमेकांपासून २८ सेंटिमीटरवर दोन धातूच्या कड्या लागल्या तर गाडीला आयसोफिक्स, म्हणजे पट्ट्याशिवाय सीट थेट अडकवण्याची सोय, आहे. सीटच्या तळाला (बेसला) सपोर्ट लेग (खाली टेकणारा आधाराचा पाय) असेल तर तो गाडीच्या घट्ट तळावर टेकला पाहिजे, खालच्या कप्प्याच्या झाकणावर नव्हे. आयसोफिक्स नसेल तर गाडीच्या पट्ट्याने बसणारी सीट घ्या, तीही तितकीच चालते. फक्त दोन गोष्टी बघा. पाठमोऱ्या सीटला पट्टा समोरून आणि मागून वळसा घालतो, आणि छोट्या गाड्यांत तो कधी कधी चार बोटे कमी पडतो. दुसरे, पट्टा ताणल्यावर गाडीचे बक्कल सीटच्या कडेवर मोडल्यासारखे टेकू नये. धडकेत ते तिथेच उघडू किंवा तुटू शकते. मधल्या जागेत नुसता कमरेचा पट्टा असेल तर तिथे ही सीट बसत नाही. पुढच्या आसनावर, समोर चालू एअरबॅग असताना, पाठमोरी सीट कधीच ठेवायची नाही. फुटणारी एअरबॅग थेट बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते. सनव्हायजरवरचे ते लाल काट मारलेले चित्र याचसाठी असते.

सीट बसवताना तिच्यावर तळव्याने जोर देत पट्टा ओढा. मग पट्टा जातो तिथे धरून हलवा. अडीच सेंटिमीटरहून जास्त हलली तर पुन्हा सुरुवात. डोक्याकडची बाजू थोडी झुकते, तो दोष नाही.

सगळ्यांत जास्त चुकतो तो कोन. सीट जास्त उभी झाली की झोपलेल्या बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबते. मान उचलण्याची ताकद त्याच्यात नसते आणि ते रडतही नाही. जास्त आडवी झाली तर धडकेत बाळ डोक्याच्या दिशेने वर सरकते. नवजाताला सुमारे ४५ अंश हवेत. बहुतेक सीटवर त्यासाठी रेघ किंवा बुडबुडा असतो. तो सपाट जागी पाहा, सोसायटीच्या उतारावर नव्हे. मागच्या बैठका मुळातच आत उतरत्या असल्याने सीट उभी होते. पुस्तिकेत परवानगी असेल तर पायाकडच्या कडेखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवून कोन साधता येतो. आणि मोहरीची उशी? ती घरी ठेवावी. डोके गोल होवो न होवो, गाडीत ती डोके पुढे ढकलते आणि हनुवटी पुन्हा छातीवर. सीटबरोबर आलेले गाद्यांचे तुकडे सोडून बाहेरून घेतलेले काहीही आत घालू नये.

दुपट्याचेही तसेच. आपल्याकडे बाळ घट्ट गुंडाळून आणतात, आणि सीटचा मधला पट्टा तर दोन पायांमधून जायचा असतो. गुंडाळलेल्या बाळाला मग पट्टे वरवर अडकवले जातात. झबले-लंगोटावर (किंवा डायपरवर) बाळ ठेवा, पाय मोकळे, पट्टे लावा, ताणा. गळपट्टीच्या हाडापाशी पट्टा चिमटीत धरता आला नाही की पुरेसा घट्ट. दुपटे मग वरून पांघरा. जाड कुंची, स्वेटर आत घातला तर पट्टा कपड्यावर घट्ट आणि बाळावर सैल राहतो.

पहिल्या आठवड्यांत एका दमात अर्धा तास, आणि पुढेही दोन तासांहून जास्त बाळ सीटमध्ये ठेवू नये. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसींच्या फेऱ्या यात बसतात. माहेराहून परतीचा पुणे-कोल्हापूरसारखा रस्ता बसत नाही. वाटेत थांबून बाळ बाहेर काढा, आणि मागे त्याच्याशेजारी कोणीतरी जागे बसा. घरी पोहोचल्यावर 'झोपलंय, राहू दे' म्हणून त्याला सीटमध्येच ठेवू नका. उन्हाळ्यात सीटवर पांढरी चादर टाकून गाडी उभी करा, आणि बसवण्याआधी बक्कलचा धातू हाताला लावून बघा.

अमेरिकेतल्या मावशी-आत्यांनी आणलेल्या सीटबद्दल एक सूचना. तिथल्या गाड्यांचे पट्टे पूर्ण बाहेर ओढले की कुलूप लागते. इथले बहुतेक पट्टे फक्त झटक्याला अडतात, एरवी सैल होत राहतात. अशा सीटला स्वतःचे लॉक नसेल तर लॉकिंग क्लिप, म्हणजे पट्टा सरकू न देणारा चिमटा, लागते. खांद्याचे दोन पट्टे जोडणारी छातीवरची क्लिप काखेच्या पातळीला ठेवायची, पोटावर नाही. कवचावर कालबाह्यतेची तारीख छापलेली किंवा कोरलेली असते, तीही पाहा.

रुग्णालयांनी यादीत एक ओळ वाढवावी आणि सातव्या महिन्यातच सांगावे. घरी सोडण्याच्या दिवशी, बिलाच्या खिडकीपासून धावत येऊन कोणी सीट बसवायला शिकत नाही. वाहन विक्रेत्यांनी गाडी ताब्यात देताना ब्लूटूथ जोडून दाखवतात तशाच आयसोफिक्सच्या कड्याही दाखवाव्यात. आणि ज्यांची सीट अपघातात सापडली आहे, त्यांनी ती वरून धडधाकट दिसली तरी कोणाला देऊ नये. भंगारवाल्याकडे टाकतानाही पट्टे कापून टाकावी, नाहीतर चार दिवसांत ती धुऊन-पुसून कोणाच्या तरी गाडीत बसलेली असते.

— एक वाचक, पुणे