पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र : बंद दाराचे कारण मागू नका

मा. पर्यटनमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

एखाद्या मूलनिवासी समाजाने आपले पवित्र स्थळ पर्यटकांसाठी बंद केले की सरकारकडून दोन प्रश्न येतात : कारण काय, आणि पुन्हा उघडणार कधी? दुसरा प्रश्न रास्त आहे. लोकांनी तिकिटे काढलेली असतात. पहिला मात्र विचारू नये, एवढ्यासाठीच हे पत्र.

काही कारणे चारचौघांत सांगता येतात. ऑस्ट्रेलियातला ऊलुरू घ्या. 348 मीटर उंचीच्या त्या खडकावर शौचालय नाही; वर झालेली घाण पावसाबरोबर खालच्या पाणवठ्यांत उतरे. चढताना तीसहून अधिक माणसे दगावली, आणि आपल्या भूमीवर आलेल्या पाहुण्याच्या मृत्यूचे ओझे तिथले अनंगू लोक स्वतःवर घेतात. शिवाय चढाईची वाट ही त्यांच्या श्रद्धेनुसार ‘माला’ नावाच्या पूर्वजांची पवित्र वाट. चढू नका, अशी विनंती पायथ्याशी कित्येक वर्षे लिहिलेली होती. लोक ती वाचत आणि चढत. अखेर अनंगूंचे बहुमत असलेल्या उद्यान मंडळाने 2017 मध्ये निर्णय घेतला आणि 26 ऑक्टोबर 2019 पासून चढाई कायमची बंद झाली. 1985 साली याच तारखेला ती जमीन अनंगूंना परत मिळाली होती. खडक पाहायला, त्याच्याभोवती फिरायला आजही मनाई नाही. ओरड करणारे हे सोयीस्करपणे विसरतात.

पण सगळीच कारणे अशी लिहून टांगता येत नाहीत. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतले टाओस पुएब्लो हे मूलनिवासींचे गाव, जागतिक वारसा स्थळ. हिवाळा सरता सरता सुमारे दहा आठवडे ते बाहेरच्यांना बंद असते. आत विधी चालतात. कोणते, हे सांगत नाहीत, कारण गुप्तता हा त्या धर्माचाच भाग आहे. याच लोकांचे ब्लू लेक हे पवित्र तळे 1906 मध्ये अमेरिकी सरकारने राष्ट्रीय वनात घातले. ते परत मागताना, ज्याविषयी बाहेर बोलायचेच नाही त्याविषयी त्यांना संसदेपुढे बोलावे लागले. 1970 मध्ये तळे परत मिळाले. आता तिथे बाहेरच्यांना प्रवेश नाही. ‘आधी कारण द्या, मग बघू’ या अटीची किंमत ही अशी असते. जे जपायचे आहे तेच पुरावा म्हणून टेबलावर ठेवा, असे आपण म्हणत असतो.

नुसत्या विनंतीने भागेल, असा सल्ला आपले अधिकारी देतील. अमेरिकेतल्याच वायोमिंगमधल्या डेव्हिल्स टॉवर या मूलनिवासींना पवित्र असलेल्या उंच खडकावर, त्यांच्या विधींचा मान राखून, जून महिन्यात चढू नये, अशी विनंती 1995 पासून केली जाते. ती ऐच्छिक आहे. ऐकणारे ऐकतात, बाकीचे दोर बांधून वर जातात.

तेव्हा मागणी सरळ आहे. बंदच्या तारखा समाजाने ठरवाव्यात आणि खात्याने त्या न कुरकुरता जाहीर कराव्यात. कोणाच्या निधनामुळे अचानक बंद करावे लागले, तर तेही चालले पाहिजे. पैसे परत कसे मिळतील हे तिकिटावरच छापा. आणि बुडालेल्या महसुलाचा जाब समाजाला विचारू नका. पर्यटकांना तारखांचा शब्द त्यांनी दिलेला नसतो, जाहिराती खात्याच्या असतात.

आपला,
एक पर्यटक