फोटोतल्या ‘इतर’ माणसाचं नाव छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही अमेरिकेतल्या कंट्री रॉकवर, म्हणजे तिथल्या गावाकडच्या गाण्यांत रॉक मिसळलेल्या संगीतावर, अख्खं पान दिलं, मराठी पेपरात हा विषय आला हेच आमच्यासारख्यांना लई झालं, ते पान मी दुकानात काउंटरच्या काचेखाली घालून ठेवलंय. पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहायलो. फ्लाइंग बुरिटो ब्रदर्स ह्या बँडच्या फोटोखाली तुम्ही लिहिलंय, ‘ग्रॅम पार्सन्स, ख्रिस हिलमन व इतर’. त्या इतरांत एक जण आहे बघा, अंगातल्या कपड्यावर छातीला मोठा पंखवाला डायनासोर भरलेला. तो स्नीकी पीट क्लाइनो. त्या बँडचा आवाज ज्याच्यामुळं ओळखू येतो तो माणूस, आणि अख्ख्या पानात त्याचं नाव कुठंच नाही. तो वाजवायचा ते वाद्य पेडल स्टील गिटार, हा शब्दसुद्धा एकदाच आलाय, तोही ‘इ. वाद्ये’ च्या आधी.

मला ह्याचं एवढं काय पडलंय ते सांगतो. माझं परभणीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात पाण्यातल्या मोटारी जळून यायला लागल्या की जेवायला फुरसत नसते. तीन वर्षामागं लग्नसराईत एक बँजो पार्टीवाला दुकानात आला, त्याच्या बँजोचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज स्पीकरकडं पाठवणारा भाग, मेला होता, दुसऱ्या दिवशी वरात आणि म्हणला भाऊ तुम्हीच काहीतरी करा. मी कधी पिकअप उघडला नव्हता. उघडून बघतो तर आत लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, म्हणजे आपलंच काम की, फक्त लई नाजूक. दोनदा तार तुटली, तिसऱ्यांदा श्वास धरून हातानंच भरली, रात्री साडेअकराला तारेवर नख मारलं आणि स्पीकरमधून टण्ण आवाज आला तेव्हा त्या पोराच्या डोळ्यात पाणी होतं. त्यानंतर पिकअप कोण कसा भरतं हे मोबाईलवर शोधत बसायचो, आणि शोधता शोधता रेड रोड्स सापडला.

हा रेड रोड्स पेडल स्टील वाजवायचा, आणि स्वतः पिकअपपण भरायचा, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचा, त्याच्या पिकअपचं नाव होतं वेल्वेट हॅमर, म्हणजे मखमली हातोडा. मंकीज ह्या बँडमधनं बाहेर पडलेल्या माइक नेस्मिथनं 1970 मध्ये फर्स्ट नॅशनल बँड काढला त्यात हा होता. तो बँड लवकरच फुटला. मग 1972 मध्ये नेस्मिथनं एक अल्बम केला त्यात फक्त दोनच माणसं, एक गातो आणि साधी गिटार वाजवतो आणि दुसरा रेड रोड्स. ड्रम नाही, बेस नाही, काही नाही. रात्री शटर अर्धं ओढून मी तो ऐकतो. गाणारा एक ओळ म्हणतो आणि थांबतो, आणि मागून स्टील असं येतं जसं भजनात बुवांनी ओळ सोडली की पेटीवाला ती उचलून पुढं नेतो.

तुमच्या वाचकांना हे वाद्य म्हणजे नेमकं काय तेही सांगायला पाहिजे होतं. दिसायला गिटार नाहीच, पाय लावलेलं टेबल, वर सहसा दहा तारा. डाव्या हातात लोखंडाची गुळगुळीत कांडी, ती तारांवर सरकवायची. कांडी सरकवायची ही रीत मूळची हवाई बेटांवरची, आपल्याकडंपण आली, आमच्या लहानपणी रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधी सिनेमाच्या गाण्यांच्या धुना लागायच्या ती हवाइयन गिटार ह्याच रीतीची, आणि ब्रिजभूषण काब्रांनी तर मांडीवर गिटार ठेवून त्यावर राग वाजवले. पण नुसत्या कांडीनं काय होतं, कांडीखालच्या सगळ्या तारा एकदमच वर जातात नाहीतर एकदमच खाली येतात. पेडलची गंमत इथं आहे. पायानं पेडल दाबलं की खालून रॉड ओढला जातो आणि ठरलेली तारच ताणली जाते, बाकीच्या जागच्या जागी. म्हणजे दोन सूर उभे आणि तिसरा त्यांच्यामधून मींड घेत सरकायलाय. गुडघ्याला वेगळे खटके, उजव्या पायाखाली आवाज कमी-जास्त करायचं पेडल. दोन हात, दोन पाय, दोन गुडघे एकाच वेळी कामाला, आणि माणूस खाली मान घालून बसलेला, म्हणून फोटोत तो कधी धड दिसतच नाही.

स्नीकी पीटचं पोटापाण्याचं काम काय होतं माहितीये का, मातीच्या बाहुल्या एकेक फ्रेमला जरा जरा हलवून कार्टून करायचं, गम्बी नावाच्या. दिवसा ते आणि रात्री स्टील. त्यानं स्टीलला फझ लावला, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका केला, कंट्रीवाल्यांत स्टीलवर असं क्वचितच कोण करायचं. 1969 चा त्यांचा पहिला अल्बम अमेरिकेच्या खपाच्या यादीत 164 नंबरच्या वर गेला नाही, आणि आज त्याच अल्बमला लोक कंट्री रॉकचा मूळपुरुष म्हणतात.

पोको ह्या बँडचा तर उल्लेखच नाही आणि ईगल्स बँडला अर्धं पान. अहो ईगल्सचा पहिला बेसवाला रँडी माइझनर पोकोतूनच बाहेर पडलेला, पोकोत त्याच्या जागी टिमथी श्मिट आला, आणि 1977 मध्ये माइझनरनं ईगल्स सोडल्यावर तिथंपण त्याच्या जागी श्मिटच गेला. लोक जात राहिले आणि पोकोचा स्टीलवाला रस्टी यंग पोकोतच बसून राहिला. त्याला बफेलो स्प्रिंगफील्ड ह्या बँडच्या शेवटच्या अल्बमवर स्टील वाजवायला बोलावलं होतं, त्यातूनच पोको उभं राहिलं. स्टीलचा आवाज तो फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढायचा, ऐकणाऱ्याला वाटावं ऑर्गनच वाजायलाय. पोकोचं सगळ्यात गाजलेलं गाणं 1979 मध्ये चाललं तेपण ह्याच स्टीलवाल्यानं लिहिलेलं. 2021 च्या एप्रिलमध्ये तो गेला, आपल्याकडं तेव्हा दुसरी लाट चालू होती, मला त्याची बातमी वर्षभरानं कळली आणि त्या दिवशी काम होईना.

न्यू रायडर्स ऑफ द पर्पल सेज ह्या बँडचं पण असंच. तिथं आधी जेरी गार्सिया स्टील वाजवायचा म्हणून त्याचं नाव सगळे घेतात, पण 1971 मध्ये त्याच्या जागी कॅनडाचा बडी केज आला आणि मग बरीच वर्षं त्यानं वाजवलं ते कोण सांगतच नाही. बडी केज गार्सियापेक्षा सरस होता असं माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही.

आमच्याकडंपण हेच चालतं म्हणून जास्त लागतं मला. वरातीच्या बॅनरवर नवरदेव, पाहुणे, पुढारी, आणि पार्टीच्या मालकाचं नाव गाडीवर लायटिंगमध्ये. चार-चार तास उभ्यानं बँजो वाजवणारा तो पोरगा मात्र नुसता ‘बँजोवाला’. मागच्या महिन्यात तो परत आलता, त्याला मी रेड रोड्स ऐकवला. पहिलं गाणं संपेस्तोवर काही बोलला नाही, नुसता डावा हात स्वतःच्या मांडीवर सरकवत होता. मग विचारलं, हे वाजवायलाय कोण? नाव सांगितलं तर मोबाईल काढून लिहून घेतलं.

लेखाच्या शेवटी ‘पूर्वार्ध’ छापलंय म्हणजे दुसरा भाग येणार. त्यात तोच फोटो परत वापरला तर चालेल, फक्त खाली स्नीकी पीट क्लाइनो, पेडल स्टील, एवढं टाका. आणि जमलं तर रेड रोड्सवर चार ओळी, मी ते पान त्या पोरासाठी जपून ठेवीन.

आपला,
एक नियमित वाचक, परभणी